पावसाने शाळा बंद आहे: पहिली ते चौथीच्या मुलांसाठी घरातले उद्योग

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबई-ठाण्यात आणि घाटाखालच्या गावांत हे दरवर्षी होतं. हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो, रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश पालकांच्या ग्रुपवर फिरतो आणि मुलं पुन्हा पांघरुणात शिरतात. एका दिवसाची सुट्टी कधी तीन-चार दिवसांवर जाते. मार्च 2020 मध्ये करोनामुळे बंद झालेले पहिली-दुसरीचे वर्ग उघडायला तर पावणेदोन वर्षं लागली.

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. अशा सकाळी पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "बाई, आज काय अभ्यास घेऊ?" माझं म्हणणं असं की पुस्तकातले पुढचे धडे घेऊ नका. बुडालेला दिवस शाळा भरून काढते. घरी मात्र असं बरंच काही आहे जे चाळीस मुलांच्या वर्गात मिळत नाही: दारातला पाऊस, धान्याचे डबे, गोष्टी सांगणारी आजी, आणि एकट्या त्याच मुलाचं बोलणं ऐकून घेणारं एक मोठं माणूस. सुट्टीचा दिवस त्यासाठी वापरा.

खाली दिलेल्या कुठल्याही उद्योगाला एकच शिस्त आहे. आधी अंदाज, मग करून बघणं, मग नोंद. मुलाने अंदाज तोंडाने सांगून सोडायचा नाही, वहीत लिहायचा. एकदा लिहिला की त्याला तो खरा ठरतोय का हे बघायची ओढ लागते, आणि शिकण्याचं अर्धं काम तिथेच होतं. अंदाज चुकला तर खोडायला लावू नका. चुकलेला अंदाज आणि त्याखाली खरं उत्तर, हे पान बरोबर उत्तरांच्या पानापेक्षा मोलाचं असतं.

तयारी फारशी नाही. एक कोरी वही, पेन्सिल, पट्टी, खराट्याच्या काड्या, रबरबँड, मूठभर चिंचोके, जुनी वर्तमानपत्रं आणि एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली. वीज गेली, नेट बंद पडलं तरी यातलं काही अडत नाही. दिवसाला एकच उद्योग घ्या. पहिली-दुसरीच्या मुलाला अर्धा-पाऊण तास, तिसरी-चौथीला तासभर पुरे. उरलेला वेळ मुलांना हुंदडू द्या.

पाऊस मोजूया

ज्या पावसाने शाळा बंद केली, त्यालाच पहिल्या दिवशी कामाला लावू. दोन लिटरची, सरळ भिंतींची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग जिथे संपतो तिथे मोठ्यांनी ती कात्रीने आडवी कापावी. कापलेला वरचा तुकडा झाकण काढून उलटा करून खालच्या भागात बसवा. हे झालं नरसाळं. कापलेल्या कडेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे बोट कापणार नाही.

आता एक अडचण येते आणि ती मुलालाच शोधू द्या. बाटलीचा तळ खालीवर असतो, मग शून्य कुठे धरायचं? उपाय सोपा आहे. तळात थोडे खडे टाका, त्याने बाटली वाऱ्याने उलटणारही नाही. मग सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी ओता आणि त्या पातळीला कायमच्या शाईच्या पेनने शून्याची खूण करा. तिथून वर पट्टी धरून मिलीमीटरच्या खुणा करा.

बाटली उघड्यावर ठेवा. झाडाखाली नको, पन्हळीखाली नको, भिंतीला चिकटून नको. दोन विटांच्या बेचक्यात नीट बसते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची गच्ची बरी, पण मोठ्या माणसाला सोबत घेऊनच, आणि विजा चमकत असताना कुणीही नाही. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून आपणही साडेआठलाच मोजायचा. आधी रात्रीचा आवाज आठवून अंदाज लिहायचा, मग बाटली बघायची. नोंद झाली की पाणी शून्याच्या खुणेपर्यंत कमी करायचं. तळचं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि हेही मुलाला सांगायला हवं.

दोन-तीन दिवसांचे आकडे जमले की वर्तमानपत्रातल्या बातमीला अर्थ येतो. हवामान खात्याच्या मोजणीत 24 तासांत 64.5 मिलीमीटरपासून पुढे पाऊस झाला तर तो मुसळधार, 115.6 पासून पुढे अतिमुसळधार. आपल्या बाटलीत किती होता? मग घराच्या भिंतीवर जमिनीपासून 94 सेंटिमीटर आणि 4 मिलीमीटरवर खडूने एक रेघ काढा. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस नोंदवला गेला. तो ही रेघ. पहिलीतलं मूल त्या रेघेशेजारी उभं केलं तर ती त्याच्या खांद्याच्या आसपास येते. आकडा अंगाला लावून बघितला की तो विसरत नाही.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी यात अजून दोन खोल प्रश्न आहेत. पहिला: मोठा डबा ठेवला तर पाऊस जास्त भरेल का? सरळ भिंतींचे दोन डबे, एक रुंद, एक अरुंद, शेजारी ठेवून बघा. पाणी कमीजास्त भरतं, पण उंची सारखीच राहते, कारण रुंद डब्यात पाणी जास्त पडतं आणि ते तेवढंच जास्त पसरतंही. दुसरा प्रश्न पाण्याच्या हिशेबाचा. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 मिलीमीटर पडला तर हजार लिटर. आपल्या घराची पाण्याची टाकी किती लिटरची? हा गुणाकार मुलं सांगितल्याशिवाय पुन्हा पुन्हा करतात, कारण उत्तर त्यांना खरोखर हवं असतं.

काड्यांचे दशक आणि आपले उलटे आकडे

पहिली-दुसरीच्या मुलांची एक अडचण मराठी घरात नेहमी दिसते. 'सत्तेचाळीस' म्हटलं की मूल 74 लिहितं. यात मुलाचा दोष नाही. आपण बोलताना आधी सात म्हणतो, मग चाळीस, आणि लिहिताना आधी चार, मग सात. कान एक सांगतो, हाताने दुसरंच करायचं असतं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशीही वाचनाची पद्धत आली आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. माझं मत विचाराल तर घरी दोन्ही बोलावं: "चाळीस आणि सात, सत्तेचाळीस." एका दमात. जुनी नावं मुलाला बाजारात आणि आजीच्या तोंडून ऐकायचीच आहेत. नवी पद्धत त्याला लिहिताना आधार देते.

खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून घ्या. शंभर तरी हव्यात. मुलाला दहा-दहाच्या जुड्या बांधू द्या, रबरबँड त्यालाच लावू द्या. एक जुडी म्हणजे एक दशक, सुटी काडी म्हणजे एकक. आता तुम्ही संख्या बोला, त्याने ती काड्यांनी मांडायची आणि मग लिहायची. चार जुड्या डाव्या हाताला, सात सुट्या उजव्या हाताला. समोर मांडलेलं बघून लिहिलं की 74 होत नाही.

दोन-तीन दिवसांनी वजाबाकी घ्या. 43 मधून 27 द्यायचे. सुट्या काड्या तीनच, द्यायच्या आहेत सात. थांबा. इथे काही सुचवू नका. बहुतेक मुलं थोडा वेळ काड्यांकडे बघत राहतात आणि मग एका जुडीचं रबर काढतात. वहीतल्या वजाबाकीत आपण जे दशक सोडवून घेतो ते नेमकं हेच, फक्त आता ते त्याच्या हाताने झालेलं आहे. बेरजेत सुट्या काड्या दहाच्या वर गेल्या की नवी जुडी बांधायची, तोच हातचा.

'एकोण'ची आकड्यांची रांगही इथेच लावून टाका. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. मग विचारा, शंभराला एक कमी असेल तर? तिथे नव्याण्णव येतं आणि रांग मोडते. मुलांना नियम मोडणारा आकडा फार आवडतो.

जमिनीवरचा पट

सगळ्यांना एकत्र बसवणारा उद्योग हवा असेल तर अष्टा-चंगा. खडूने फरशीवर पाच गुणिले पाच घरांचा पट काढायचा. मुलालाच काढू द्या. पट्टी लावून सारखी पंचवीस घरं आखणं हेच चौथीच्या मुलाला चांगलं काम आहे. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि पटाच्या अगदी मधल्या घरात फुली मारायची. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या: कुणाच्या तुरीच्या, कुणाच्या राजम्याच्या, कुणाची बटणं, कुणाचे खडे.

फाशांसाठी चार कवड्या घ्या. नसतील तर दोन चिंचोके भाजून मोठ्यांनी मधून फोडावेत, चार अर्धुकं मिळतात. एक बाजू पांढरी, एक काळपट. पांढऱ्या (कवड्या असतील तर उताण्या) जितक्या वर, तितकं दान. चारही पांढऱ्या तर चार, चारही काळ्या तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा खेळायला मिळतं. आपल्या बाजूच्या फुलीवरून निघायचं, बाहेरच्या रांगेतून घड्याळाच्या उलट दिशेने जायचं, मग आतल्या रांगेत घड्याळाच्या दिशेने, शेवटी मधल्या घरात. दुसऱ्याची सोंगटी मारता येते, फुलीवर मारता येत नाही, आणि एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही. गावागावांत नाव बदलतं, नियम बदलतात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे नियम अंतिम माना आणि मुलाला ते क्रमाने लिहून काढायला सांगा. खेळाचे नियम दुसऱ्याला कळतील असे लिहिणं हा निबंधापेक्षा चांगला लेखनाचा सराव आहे. तपासायची रीतही सोपी: ते लिहिलेलं वाचून तुम्ही खेळा. जिथे अडाल तिथे वाक्य सुधारायचं.

गणित यात जागोजागी आहे. बाहेरच्या रांगेत किती घरं? सोळा. आतल्या रांगेत? आठ. मधलं एक. बेरीज पंचवीस आली का? आणि मोठ्या मुलांसाठी: कुठलं दान जास्त वेळा पडतं? आधी अंदाज लिहा, मग पन्नास वेळा टाकून प्रत्येक दानापुढे उभ्या रेघा मारत जा, पाचवी रेघ आडवी. दोनचं दान बहुधा सगळ्यात पुढे निघतं. का? चार कवड्यांपैकी कुठल्या दोन उताण्या पडतील, याचे सहा प्रकार होतात. चारही उताण्या पडण्याचा प्रकार एकच. चार कवड्यांना अ, ब, क, ड नावं देऊन मुलाला ते सहा प्रकार शोधून लिहू द्या. कवड्या किंवा चिंचोके पूर्ण समतोल नसतात, त्यामुळे तुमच्या घरचे आकडे थोडे वेगळे येतील. तेही बोलण्यासारखं आहे.

घरात अगदी लहान भावंड असेल तर खेळ संपताच चिंचोके आणि कडधान्यं मोजून डब्यात परत गेली पाहिजेत. नाकात आणि घशात अडकतात.

वाटाणे आणि टूथपिक

पांढरे वाटाणे किंवा काबुली चणे रात्रभर भिजवा. सकाळी ते इतके मऊ होतात की टूथपिक आत शिरते आणि घट्ट बसते. मुलाला आधी त्रिकोण करायला सांगा, मग चौकोन. दोन्ही हातांत धरून हलकेच दाबायचे. चौकोन कलंडतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. आता कलंडणाऱ्या चौकोनात कर्णावर आणखी एक काडी बसवा (थोडी लांब लागेल, म्हणून झाडूची घ्या). चौकोन ताठ उभा राहतो, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. मग खिडकीतून बाहेर बघा: पत्र्याच्या शेडची कैची, मोबाइलचा टॉवर, रेल्वेचा पूल. सगळीकडे त्रिकोण.

इथून पुढे मुलं घर, मनोरा, पूल बांधत सुटतात. दोन खुर्च्यांमध्ये पूल ठेवून तो किती नाणी पेलतो ते आधी अंदाजाने लिहा आणि मग एकेक नाणं चढवा. रात्री तो तसाच ठेवला की वाटाणे वाळून सांधे कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी तोच पूल जास्त वजन पेलतो. पुण्याचे अरविंद गुप्ता काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून असे आकार करायला अनेक वर्षं शिकवत आले आहेत. टाकाऊ वस्तूंपासून केलेली त्यांची शेकडो खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नेट असेल त्या दिवशी मुलासोबत बसून त्यातलं एक निवडा.

स्वयंपाकघर

याबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. तीन वाट्यांत मूठ-मूठ मूग घ्या: एक कोरडी, एक ओल्या फडक्यात बांधलेली, एक पाण्यात पूर्ण बुडवलेली. कुठल्या वाटीत मोड येतील आणि कुठले लांब होतील? सकाळ-संध्याकाळ बघून चित्र काढायचं. मोडाला पाणी लागतं हे मुलांना ठाऊक असतं, हवाही लागते हे बुडालेली वाटी शिकवते. फडक्यातल्या मुगाची उसळ करा आणि कृती मुलाकडून लिहून घ्या.

र ची शिकार, आजीची मुलाखत, पोस्टकार्ड

वाचनासाठी कालचं वर्तमानपत्र पुरतं. पहिलीच्या मुलाला ओळखीची अक्षरं लाल रंगाने गोल करू द्या. दुसरी-तिसरीसाठी मी 'र ची शिकार' देते. आपला र चार वेषांत फिरतो: 'सूर्य' मध्ये डोक्यावर, 'चक्र' मध्ये तिरकी रेघ होऊन, 'राष्ट्र' मध्ये ट खाली, आणि 'वाऱ्यावर' मध्ये अर्ध्या चंद्रासारखा. वहीच्या पानाचे चार रकाने करून प्रत्येकात पाच-पाच शब्द कापून चिकटवायचे. शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो, आणि तो शोधताना मूल अख्खं पान वाचून काढतं.

लेखनासाठी मुलाखत घ्यायला सांगा. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, किंवा फोनवर दूरचे मामा. प्रश्न मुलाने स्वतः लिहायचे, पाच पुरे. "तुमच्या लहानपणी पाऊस आला की शाळेत कसे जायचात? नदीला पूर यायचा का? तेव्हा घरी काय खायचात?" पहिलीचं मूल लिहू शकत नसेल तर त्याने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, अगदी त्याच्याच शब्दांत. ते मालवणीत सांगेल, अहिराणीत सांगेल, वऱ्हाडीत सांगेल. तसंच लिहा, सुधारू नका. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि दुसऱ्याला वाचता येतं, हे लहान मुलाला पहिल्यांदा असंच कळतं. घरची बोली अशुद्ध नाही, हे त्याला शाळेने सांगायच्या आधी घराने सांगावं.

मग त्यातलीच एक गोष्ट पोस्टकार्डावर लिहून नातेवाइकांना पाठवा. पत्त्यात पिनकोड येतो आणि त्यात भूगोल लपलेला आहे. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे विद्वानही. पहिला आकडा 4 असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडला जाणार, 403 म्हणजे गोवा. घरात आलेली जुनी पाकिटं, बिलं, लग्नपत्रिका जमवा आणि पहिल्या आकड्याप्रमाणे ढीग लावा. चौथीच्या मुलाला नकाशा समोर देऊन बसवा.

दोन वयं, एक घर, आणि कामावर गेलेले आईबाबा

घरात दुसरीतला आणि चौथीतली अशी भावंडं असतील तर वेगवेगळे उद्योग लावू नका. उद्योग एकच, काम वेगळं. पावसाच्या बाटलीजवळ धाकट्याने आकडा वाचायचा, थोरलीने मागच्या दिवसांशी फरक काढायचा आणि स्तंभालेख काढायचा. थोरल्यांना "तू शिकव त्याला" म्हणून सगळा भार मात्र टाकू नका, त्यांचीही सुट्टी आहे.

आईबाबा दोघंही कामावर जात असतील तर सकाळी निघताना फक्त प्रश्न द्या आणि अंदाज लिहून घ्या. "संध्याकाळपर्यंत बाटलीत किती होईल?" बघायचं काम आजीसोबत होतं, आणि वही संध्याकाळी तुम्ही उघडायची. दहा मिनिटं पुरतात, पण ती चुकवू नका. कुणी बघणार नाही अशी वही मूल दुसऱ्या दिवशी लिहीत नाही.

साधनं नाहीत म्हणून अडतं, असं कुणी म्हटलं की मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. 1945 साली त्यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. विकत आणायची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे वापरले, आणि मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' तिथली. आपल्या घरात त्याहून जास्तच सामान असतं.

फोन लागलाच तर दोन ठिकाणं सांगते. सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, आणि बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही तिथे वाचता येतात. मोठ्याने वाचून दाखवायला ते उत्तम आहेत.

मूल "नको" म्हणालं तर? मग त्या दिवशी नको. तुम्ही स्वतः बाटलीजवळ जा, तुमचा अंदाज त्याच वहीत लिहा, मोजा, नोंद करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बहुतेक मुलं तुमचा आकडा चुकला का हे बघायला येतात आणि पेन्सिल हातातून काढून घेतात. आणि शाळा उघडेल त्या दिवशी ती वही दप्तरात घाला. वर्गातल्या बाईंना किंवा गुरुजींना तुमच्या गल्लीतल्या पावसाचे आकडे मिळाले तर फळ्यावर सगळ्या वर्गाचा आलेख काढता येईल, आणि एकाच गावात दोन घरांचे आकडे वेगळे का, हा प्रश्न त्या आलेखातून आपोआप निघेल.